टेलिकॉम कंपन्यांतलं एआय : टॉवरवर काय चाललंय आणि आपल्या नंबरचं काय होतंय?

रेंजबाहेर

मोबाइल रिचार्जच्या धाग्यावर परवा कुणीतरी लिहिलं होतं, 'कंपन्या एआयवर पैसे उधळतात आणि आमच्या जिन्यात रेंज येत नाही.' तिथे उत्तर द्यायला बसले तर ते लांबतच गेलं, म्हणून हा वेगळा धागा.

मी पुण्यात एका नेटवर्क ऑपरेशन सेंटरमध्ये काम करते. आम्ही त्याला नुसतं 'नॉक' म्हणतो. कंपनीचं नाव सांगणार नाही, आणि त्याने फरकही पडत नाही, कारण सगळीकडे साधारण हेच चालतं.

एक गोष्ट आधीच बाजूला काढते. एअरटेलने जुलै २०२५ मध्ये पर्प्लेक्सिटी प्रो वर्षभर फुकट दिलं, मग जिओने ऑक्टोबरमध्ये जेमिनी प्रो १८ महिने दिलं. ते एआय वाटप झालं. कंपनी स्वतःच्या कामात काय वापरते तो विषय वेगळा आहे आणि मला त्यावरच बोलायचंय.

पहिलं काम अलार्मचं. समजा वरंधा घाटाच्या अलीकडे जेसीबीने फायबर तोडली. त्या फायबरवर पुढे जितक्या साइट, म्हणजे टॉवर, लटकल्यात त्या सगळ्या एकदम ओरडतात. लिंक डाऊन, सिंक लॉस, सेल आउट ऑफ सर्व्हिस. मिनिटभरात पडद्यावर शेकडो लाल ओळी, आणि त्यातला कामाचा अलार्म एकच. पूर्वी शिफ्टमध्ये एखादा जुना माणूस असायचा, अख्खा नकाशा त्याच्या डोक्यात. तो चहाचा कप न ठेवता सांगायचा की तुटलंय ते भोरच्या पुढे, पलीकडची टीम पाठवू नका. आता मॉडेल वेळ, जोडणीचा नकाशा आणि मागची तिकिटं (दुरुस्तीच्या कामाच्या नोंदी) जुळवतं, शेकडो ओळींचा एक गठ्ठा बांधतं आणि एकच तिकीट काढतं. हे खरंच चांगलं चालतं, त्यात शंका नाही.

कुठे फसतं तेही सांगते. साइट पडण्याआधी 'मेन्स फेल' आला, मग 'लो बॅटरी' आला, तर वीज गेलीय. हे दोन्ही न येता साइट थेट पडली तर बहुधा फायबर. मॉडेल हेच शिकलंय आणि बरोबर शिकलंय. पण शेल्टरमधली, म्हणजे टॉवरखालच्या यंत्रांच्या खोलीतली, मेन्सच्या अलार्मची वायर उंदराने कुरतडली असेल तर 'मेन्स फेल' येतच नाही. मॉडेल फायबरचं तिकीट काढतं, भर पावसात स्प्लायसिंगवाले, म्हणजे फायबर जोडणारे, सगळं सामान घेऊन घाट चढतात, आणि साइटवर गरज असते डिझेलच्या कॅनची.

दुसरं काम विजेचं. मोबाइल नेटवर्कच्या वीजबिलाचा मोठा वाटा टॉवरवरचा रेडिओ खातो. रात्री दोन वाजता गावात कुणी रील बघत नाही, मग सगळे बँड (लहरींचे पट्टे) जागे कशाला ठेवायचे? खालचा ८५० किंवा ९०० मेगाहर्ट्झचा थर कव्हरेजसाठी कायम जागा असतो. वरचे २१००, २३००, ५जीचा ३३०० हे गर्दीसाठीचे थर. ते झोपवायचे, मोठ्या अँटेनाचे अर्धे ट्रान्समीटर मिटवायचे. पूर्वी हे घड्याळावर होतं, रात्री बारा ते पाच. आता मॉडेल प्रत्येक सेलचा, म्हणजे एका अँटेनाच्या टप्प्यातल्या भागाचा, इतिहास बघून वेळ ठरवतं.

आणि इथे माझं आवडतं उदाहरण, आंगणेवाडीची जत्रा. भराडी देवीच्या जत्रेला तिथी नाही. देवीचा कौल लागतो आणि मग तारीख जाहीर होते. मालवण तालुक्यातल्या एका वाडीत लाखो माणसं रात्रभर रांगेत उभी असतात आणि प्रत्येक जण घरी व्हिडिओ कॉल लावत असतो. गेल्या वर्षीच्या त्याच तारखेचा डेटा मॉडेलच्या काय कामाचा? दिवाळी, गणपती, वारी सगळं कॅलेंडरमध्ये बसतं, कौल बसत नाही. तिथे आजही माणूस हाताने यादी करतो, त्या रात्रीपुरतं झोपवणं बंद करतो आणि चाकांवरचे टॉवर पाठवतो.

तिसरं काम स्पॅमचं, ते सगळ्यांना दिसतंच. एअरटेलने सप्टेंबर २०२४ मध्ये सुरू केलं तेव्हा सांगितलं होतं की २५० निकषांवर कॉल तपासतात, रोजचे १५० कोटी मेसेज आणि २५० कोटी कॉल दोन मिलिसेकंदांत चाळले जातात. पुढे एप्रिल २०२५ मध्ये ही सूचना मराठीसह दहा भारतीय भाषांत दिसू लागली.

माझं म्हणणं एवढंच : अलार्म चुकीचा ओळखला तर अर्ध्या तासात कळतं, कारण साइट उठत नाही. आम्ही तिकीट बदलतो. पण मॉडेल माणसाबद्दल चुकलं तर ते कळतं कुणाला आणि तिकीट कुणी काढायचं? याची सोय मला तरी कुठे धड दिसत नाही. तुमचे अनुभव लिहा.

वाचनमात्र

माहिती छान. पण जिन्यात रेंज का येत नाही ते राहिलंच.

रेंजबाहेर

जिना म्हणजे चारी बाजूंनी आरसीसी आणि मध्ये लिफ्टचा लोखंडी पिंजरा. वरचे बँड भिंतीतून आत शिरताना दमतात. त्याला एआय नको, इमारतीत छोटा सेल बसवायला हवा, आणि त्याला सोसायटीची परवानगी हवी. सोसायटीच्या सभेत टॉवर म्हटलं की काय होतं ते तुम्हाला माहीतच असेल.

मोगरा_७२

धागा अगदी वेळेवर आला. मी सांगलीत रक्तदात्यांची यादी सांभाळते. हॉस्पिटलमधून निरोप आला की त्या गटाच्या दात्यांना एकापाठोपाठ फोन लावायचे, हे माझं काम. 'बी निगेटिव्ह हवंय, येऊ शकाल का? नाही? बरं, बरं.' संपला फोन. पुढचा नंबर.

दिवाळीनंतर लोक फोनच उचलेनासे झाले. मला वाटलं, सुट्टीचा मूड असेल. मग एका ओळखीच्या दात्याने स्क्रीनशॉट पाठवला. माझ्या नंबराखाली स्पॅमची पाटी! माझा नंबर पंधरा-वीस वर्षं जुना आहे. कधी कुणाला काही विकलं नाही.

कंपनीच्या ॲपमध्ये शोधलं. 'तुम्हाला स्पॅम आला का' हे कळवायची सोय आहे. 'मलाच स्पॅम ठरवलंय' हे कळवायचं बटण मला सापडलं नाही. ग्राहक सेवेला फोन केला तर त्या मुलाला प्रश्नच कळेना. तो म्हणाला, मॅडम, तुमचा नंबर चालू आहे, प्लॅन चालू आहे, तक्रार काय आहे?

कुंपणावरचा

मोगराताई, तुमच्या बाबतीत काय झालं असेल ते सांगता येईल. ट्रायने, म्हणजे टेलिकॉमच्या नियामक संस्थेने, फेब्रुवारी २०२५ मध्ये व्यावसायिक कॉलच्या नियमांत दुरुस्ती केली. त्यात कंपन्यांना सांगितलंय की स्पॅमर ओळखायला कॉलचा पॅटर्न बघा. कॉलची संख्या खूप जास्त, प्रत्येक कॉल अगदी छोटा, आणि येणारे कॉल जाणाऱ्यांच्या मानाने कमी. आता तुमचं काम परत वाचा. ढीगभर कॉल, प्रत्येक वीस सेकंदांचा, उलट फोन कुणाचा नाही. मॉडेलला तुम्ही आणि कर्ज विकणारा सारखेच दिसता.

कुरिअरवाले, शाळेतून पालकांना फोन करणारे शिक्षक, लग्नाचे हॉलवाले, सगळे याच खड्ड्यात पडतात. कुरिअरवाल्यांच्या कंपन्या निदान वेगळी लाइन घेऊ शकतात. बँकांसाठी १६०० ने सुरू होणारी मालिका आहे, जाहिरातींसाठी १४०. रक्तपेढीच्या स्वयंसेवकाला कुठली मालिका?

त्याच दुरुस्तीत तक्रारींचा उंबरठाही खाली आणलाय. पूर्वी सात दिवसांत दहा तक्रारी आल्या तर कारवाई, आता दहा दिवसांत पाच. खऱ्या स्पॅमरसाठी हे योग्यच. पण नुसती पाटी आणि तक्रारीवरून होणारी कारवाई या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे लक्षात घ्या. कारवाईला निदान नियम आहे. पाटी ही कंपनीची स्वतःची 'सेवा', तीही उचलणाऱ्याला दिलेली. करणाऱ्याला कुणी विचारत नाही.

शंकासूर

म्हणजे आमचे कॉल ऐकतात तर. मला आधीपासून वाटायचंच.

रेंजबाहेर

नाही हो. स्पॅमसाठी कॉल ऐकत नाहीत आणि ऐकायची गरजही नाही. कोणी कोणाला, किती वाजता, किती सेकंद, कुठल्या टॉवरवरून, एवढ्या नोंदीवर काम भागतं. आणि ती नोंद आजची नाही, बिलासाठी ती पूर्वीपासून ठेवतात. परवान्याच्या अटीप्रमाणे आता ती किमान दोन वर्षं ठेवावी लागते. मेसेजमधली लिंक मात्र धोकादायक लिंकांच्या यादीशी ताडून बघतात.

शंकासूर

त्या नोंदीवरूनच निम्मं आयुष्य कळतं की. रात्री अकराला रोज एकाच नंबरला तासभर फोन म्हणजे काय, ते सांगायला आवाज ऐकायला नको. आणि चेहऱ्यांचं काय? सिम घेताना दिलेले फोटो सरकार मशीनला दाखवतं, ते खरं ना?

कुंपणावरचा

खरं आहे, आणि जाहीरही आहे. दूरसंचार विभागाची 'अस्त्र' नावाची प्रणाली. आधी हरियाणात मेवातला वापरून पाहिली. मे २०२३ मध्ये संचार साथी पोर्टलबरोबर सरकारने सांगितलं की ८७ कोटी जोडण्यांचे फोटो तपासले, ४० लाखांवर संशयित निघाल्या आणि ३६ लाखांवर बंद केल्या. चेहरा एकच, नावं दहा, असे गठ्ठे ती शोधते.

मशीनने बोट दाखवलं आणि लगेच सिम बंद, असं त्यात नाही. संशयित यादी कंपन्यांकडे पडताळणीला जाते. ४० आणि ३६ यांच्यातला फरक बघा. त्या वेळी लाखो जोडण्या बंद झालेल्या नव्हत्या, म्हणजे यादीत आलं की लगेच बंद असं नाही, मध्ये माणसाची पायरी आहे. स्पॅमच्या पाटीत मला खटकते ती याच पायरीची गैरहजेरी.

तुमच्या नावावर किती सिम आहेत ते संचार साथीवर फुकट दिसतं. सगळ्यांनी एकदा बघाच. माझ्या मामांच्या नावावर एक भलतंच निघालं होतं.

तात्या_एक्सचेंज

तरुण मंडळींनो, या म्हाताऱ्याचंही थोडं ऐका. टेलिफोन खात्यात आयुष्य गेलं.

यंत्राने माणूस काढला ही टेलिकॉममध्ये नवी गोष्ट नव्हे, आमच्या धंद्याची सुरुवातच तिथून आहे. अमेरिकेत कॅन्सस सिटीत स्ट्राउजर नावाचे गृहस्थ अंत्यविधीचं काम करायचे. असं सांगतात की गावातल्या एक्सचेंजची ऑपरेटर त्यांची गिऱ्हाइकं दुसऱ्याच अंत्यविधीवाल्याला जोडून द्यायची. वैतागून त्यांनी ऑपरेटरच नको असं एक्सचेंज बनवलं. १८९१ चं पेटंट. त्या स्ट्राउजर एक्सचेंजच्या खटखटाटात माझी पहिली वर्षं गेली. ट्रंक कॉल बुक करून दिवसभर वाट बघायचे दिवस ज्यांना आठवतात, त्यांना एसटीडी आल्यावर ऑपरेटर गेल्याचं दुःख फारसं झालं नसणार. ऑपरेटरना झालं.

आमचं म्हणाल तर ३१ जानेवारी २०२० ला बीएसएनएलमधून ७८ हजारांवर माणसं एकाच दिवशी स्वेच्छानिवृत्तीने घरी गेली. मीही त्यातलाच. तिथे एआयचा काही संबंध नव्हता. साधा हिशोब होता, पगार भागत नव्हता. तेव्हा नोकऱ्या गेल्या की प्रत्येक वेळी एआयच्या नावाने पावती फाडू नका. कंपन्यांना ती सोयीची असते.

आणखी एक. परदेशातून +९१ चा नंबर दाखवून येणारे ते 'तुमचं पार्सल कस्टममध्ये अडकलंय' वाले कॉल. ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्राने ते अडवणारी यंत्रणा आणली. पहिल्या २४ तासांत १ कोटी ३५ लाख कॉल अडवले असं खात्याने सांगितलं. त्याच्या मुळाशी एक सरळ प्रश्न आहे : हा भारतीय नंबर आता खरंच परदेशात रोमिंगवर आहे का? नसेल तर तो परदेशातून येईल कसा? अडवा. गणित नाही, मॉडेल नाही. आमच्या वेळचा ज्युनिअर टेलिकॉम ऑफिसरही हेच म्हणाला असता. जिथे पक्का नियम लावता येतो तिथे एआयचा हट्ट कशाला?

रेंजबाहेर

तात्या, शेवटच्या परिच्छेदाला शंभर टक्के सहमत. आमच्याकडेही एआय म्हणून विकायला येणाऱ्या निम्म्या गोष्टी आतून 'जर असं तर तसं' याच असतात. त्या चालतात चांगल्या, फक्त किंमत एआयची लावतात.

जनरेटर

मी टॉवरचा टेक्निशियन, बीडकडचा. इथं सगळे नेटवर्कचं बोलतायत, आमचं पण ऐका.

साइटवर डीजी म्हणजे डिझेल जनरेटर असतो, टाकीत सेन्सर असतो. किती डिझेल भरलं, डीजी किती तास चालला, टाकीत किती उरलं हे ऑनलाइन दिसतं. आधी ऑफिसातला माणूस महिन्याला ताळा करायचा. आता सिस्टीम रोज करते आणि जुळलं नाही की सरळ शिक्का, 'डिझेल चोरी संशयित'. चोरी होत नाही असं मी म्हणत नाही. होते. खूप होते. रात्रीतून टाकी कोरडी केलेली मी स्वतः बघितलीय.

पण टाकीतला फ्लोट अडकतो. गाळ बसतो. डीजी तिरपा बसवला असेल तर एका बाजूला लेव्हल जास्त दिसते. आमच्या एका साइटला फ्लोट अडकला, मग भरताना धक्का लागून सुटला आणि एकदम खाली आला. सिस्टीमला वाटलं डिझेल चोरलं. ठेकेदारानं माझ्या पगारातून पैसे कापले. मी म्हणलं, साहेब साइटवर चला, दांडी घालून लेव्हल मोजू. तर म्हणतो, सिस्टीमनं पकडलंय, मी काय करू.

आधीचा साहेब निदान शिव्या देऊन का होईना, साइटवर यायचा.

मोगरा_७२

जनरेटरभाऊ, तुमचं वाचून माझं काहीच नाही असं वाटलं. पैसे परत मिळाले का?

जनरेटर

निम्मे. दुसऱ्या दोन साइटवर पण तसंच झालं आणि तिथला माणूस साहेबाच्या ओळखीचा होता, तेव्हा सेन्सर तपासले.

हेडसेट

कॉल सेंटरचं कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. मी आधी एजंट होते, आता क्वालिटीत आहे. क्लायंट टेलिकॉम.

पूर्वी एका एजंटचे महिन्याचे मोजके कॉल आम्ही ऐकायचो आणि मार्क द्यायचो. आता सगळेच कॉल मशीन ऐकतं, सगळ्यांना मार्क देतं. वाईटच आहे असं नाही. पूर्वी ज्याचे नेमके दोन वाईट कॉल हाती लागायचे त्याचा महिना जायचा. आता सरासरी खरी निघते.

पण मशीनचे काही हट्ट आहेत. शांतता त्याला चालत नाही. ठरलेल्या सेकंदांपेक्षा जास्त कुणी बोललं नाही की 'डेड एअर' आणि मार्क वजा. आता आजोबा चष्मा शोधतायत, बिलावरचा नंबर वाचणार आहेत, तर एजंटने काय करावं? मग पोरं सारखी बोलत राहतात, 'जी सर, मी तपासत आहे सर, लाइनवर राहा सर.' आजोबा वैतागतात, 'अहो थांबा की जरा, वाचू द्या!' मशीन खूश, आजोबा नाराज.

मराठी बॉटचं तर काय सांगू. पुस्तकी मराठीत बोललात तर छान. नंदुरबारचा माणूस अहिराणी वळणाने बोलला, किंवा मालवणचा 'रेंज काय येवक नाय' म्हणाला, की बॉट त्याला रिचार्जच्या मेनूत नेऊन सोडतो. दोनदा तसं झालं की ग्राहक शून्य दाबत सुटतो. मग तो चिडलेला कॉल येतो आमच्या एजंटकडे, आणि चिडलेल्या आवाजाचे मार्कही एजंटचेच कापले जातात.

माणसं कमी झालीत का? हो. बिल किती, प्लॅन कधी संपतोय, असले सोपे कॉल बॉटने घेतले. एजंटकडे उरले ते फक्त अवघड आणि भांडणाचे. पगार तोच.

नागपुरी_तर्री

आणखी एक राहिलं. कोण ग्राहक कंपनी सोडून जाणार हे पण एआय ओळखते म्हणे. पोर्टिंगचा मेसेज पाठवला की तासाभरात गोड आवाजात फोन येतो, 'सर, तुमच्यासाठी खास ऑफर.' अन् जो बिचारा दहा वर्षांपासून गुपचूप पैसे भरून राहिला, त्याला काहीच नाही! हे काय लॉजिक आहे बे?

कुंपणावरचा

लॉजिक तेच आहे, साहेब. मॉडेल काढतं सोडून जायची शक्यता. रेंजच्या तक्रारी वाढल्या, डेटा कमी झाला, रिचार्ज उशिरा झाला, की तुमचा आकडा वर. ज्यांचा आकडा वर त्यांच्यावर सवलत खर्च करायची. तुमचा आकडा कायम तळाशी, कारण तुम्ही भांडत नाही. यात मॉडेल चुकत नाहीये, ते त्याला नेमून दिलेलं काम चोख करतंय.

टेम्सकाठी

इंग्लंडमधून थोडं. इथल्या बीटी या टेलिकॉम कंपनीने मे २०२३ मध्ये जाहीर केलं की २०३० पर्यंत ५५ हजारांपर्यंत माणसं कमी होतील. पेपरांत मथळे एआयचे आले. पण एआयच्या खात्यावरच्या नोकऱ्या साधारण १० हजारच होत्या. बाकीच्यांत मोठा भाग फायबर टाकून झाली की लागणार नाहीत अशा माणसांचा. तात्यांच्या पावतीच्या मुद्द्याला पुष्टी.

आणि एक मजेशीर. इथल्या ओटू कंपनीने नोव्हेंबर २०२४ मध्ये 'डेझी' नावाची एआय आजी काढली. तिचा नंबर भामट्यांच्या याद्यांत सोडला. भामट्याचा फोन आला की ही आजी विणकाम, मांजर, नातवंडं असं काय काय सांगत बसते. काही जणांना तिने चाळीस मिनिटं खेळवलं म्हणे. आमच्या आईला हे सांगितलं तर म्हणाली, त्यासाठी मशीन कशाला, मला द्या की नंबर.

हेडसेट

@टेम्सकाठी, त्या आजीला आमचं मशीन शंभर पैकी शंभर देईल. डेड एअर शून्य!

शंकासूर

हसा. पण या सगळ्यावर लगाम कुणाचा, ते कुणीच सांगितलं नाही.

कुंपणावरचा

ट्रायने २० जुलै २०२३ ला टेलिकॉममधल्या एआयवर शिफारशी दिल्या होत्या. माणसावर थेट परिणाम करणाऱ्या वापरांना कायद्याची चौकट असावी, जोखीम जितकी मोठी तितका नियम कडक, आणि त्यासाठी एक स्वतंत्र वैधानिक प्राधिकरण असावं, असा गाभा. माझ्या मते दिशा बरोबर होती. तसं प्राधिकरण उभं राहिलेलं नाही. विदा संरक्षणाचा कायदा २०२३ चा, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि तेही टप्प्याटप्प्याने लागू व्हायचेत. चुकीची वैयक्तिक माहिती दुरुस्त करून घेण्याचा हक्क त्यात आहे. 'स्पॅम' हा शिक्का माझी वैयक्तिक माहिती आहे की नाही, यावर वकील भांडतील तेव्हा मजा येईल.

तोवर आहे ती वाट वापरा. ट्रायच्या २०१२ च्या तक्रार निवारण नियमांप्रमाणे दोन पायऱ्या आहेत. आधी कंपनीकडे तक्रार, तिचा डॉकेट नंबर (तक्रार क्रमांक) मिळालाच पाहिजे. उत्तर पटलं नाही तर ३० दिवसांत त्याच कंपनीच्या अपील प्राधिकाऱ्याकडे अपील. फी नाही. ३९ दिवसांत निकाल द्यावा लागतो.

मोगरा_७२

पण तक्रारीचे ठरलेले प्रकार आहेत ना! बिल, नेटवर्क, पोर्टिंग, डीएनडी (नको असलेले कॉल बंद करणं). यात मी कुठे बसते?

रेंजबाहेर

'सेवेतील दोष' किंवा 'इतर' निवडा आणि मजकूर ईमेलनेही पाठवा. फोनवर सांगितलं तर समोरचा मुलगा त्याला जो कोड दिसेल तो टाकेल आणि तक्रार बंद होईल. आमच्याकडेही तिकीट चुकीच्या कोडखाली गेलं की ते मेलंच समजा. खाली मसुदा देते. 'एआय' हा शब्द मुद्दाम टाळलाय, तो दिसला की पत्र फिरत फिरत भलत्याच विभागात जातं.

*विषय : माझ्या क्रमांकावरून केलेल्या कॉलवर चुकीने दाखवली जाणारी स्पॅमची सूचना*

*माझा वरील क्रमांक माझ्या नावावर असून तो मी रक्तदात्यांशी संपर्कासाठी वापरते. या क्रमांकावरून कोणताही व्यावसायिक कॉल केला जात नाही. तरीही आपल्या नेटवर्कवरील ग्राहकांना माझा कॉल स्पॅम म्हणून दाखवला जातो (स्क्रीनशॉट सोबत). यामुळे तातडीचे कॉल उचलले जात नाहीत.*

*कृपया कळवावे : (१) माझ्या क्रमांकाविरुद्ध ट्रायच्या नियमांखाली एकही तक्रार नोंदलेली आहे काय, असल्यास तारीख. (२) नसल्यास ही सूचना कोणत्या आधारावर लावली. (३) ती काढण्याची कार्यपद्धती आणि जबाबदार अधिकाऱ्याचे पदनाम. या अर्जाचा डॉकेट क्रमांक द्यावा.*

पहिला प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. 'तक्रार नाही' असं लेखी आलं की दुसऱ्या प्रश्नाला 'सिस्टीमने ठरवलं' एवढंच उत्तर उरतं, आणि अपिलात ते सांगायला त्यांनाही अवघड जाईल.

सोबत संस्थेचं किंवा रक्तपेढीचं पत्र मिळालं तर जोडा. आणि शक्य असेल तर कॉल दोन-तीन स्वयंसेवकांत वाटून घ्या. त्याने पाटी जाईलच असं नाही, पण एका नंबरावरचा आकडा उतरेल.

जनरेटर

ताई, असाच एक मसुदा सेन्सरसाठी पण द्या ना. ठेकेदाराला द्यायचाय. त्यात 'दांडीने प्रत्यक्ष मोजणी करावी' एवढं नक्की घाला.

मोगरा_७२

आजच पाठवला. रक्तपेढीचं पत्रही मिळालं. डॉकेट नंबर आला, पण उत्तरात विभाग लिहिलाय 'कॉलर ट्यून'.

रेंजबाहेर

त्याच ईमेलला उत्तर द्या, विषय तोच ठेवा आणि 'चुकीच्या प्रकारात नोंद, दुरुस्त करावी' असं लिहा. नवीन तक्रार करू नका, नाहीतर ३० दिवसांचं घड्याळ कुठल्या डॉकेटवर चालतंय यावरच घोळ होईल. जनरेटरभाऊ, तुमचा मसुदा रात्रीच्या शिफ्टला लिहिते.